दिगंबरकाकांनी नापास केलेल्या गाड्या

दिगंबरकाका मोटरसायकलच्या शोरूममध्ये जाताना घरून स्टीलचा पेला घेऊन जातात. आत गेलं की कूलरमधून पेला काठोकाठ भरायचा, पाहायच्या गाडीच्या सीटवर मधोमध ठेवायचा आणि सेल्समनला सांगायचं, "मार स्टार्टर." सेल्समन हसतो. काकांच्या तोंडावर हसू नाही हे पाहून त्याचंही मावळतं आणि तो मुकाट स्टार्टर मारतो. मग काका गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहतात. पाणी नुसतं थरथरलं तर ठीक. एक थेंब जरी सीटवर सांडला तर गाडी नापास. "हे गाडी नाई," कंबर सरळ करत ते जाहीर करतात, "हा मिक्सर हाये. याच्यात चटनी वाटा."

गेल्या उन्हाळ्यात काकांनी अमरावती आणि अकोला मिळून अकरा गाड्या नापास केल्या. त्या अकराच्या अकरा माझ्यासाठी पाहिलेल्या होत्या, म्हणून हे मी जरा रागानंच सांगते आहे. तसा राग मला लवकर येतो. पण काकांच्या शेजारी उभी राहिले की लोकांना मी थंड डोक्याची वाटते.

काका माझे घरमालक. राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या पाट्यांनी झाकून गेलेल्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर आहे. खाली काका-काकू, वर मी. मी मोर्शीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि रोज अप-डाऊन करते. काकांनी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवलं. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी अजून असते आणि तोंडात एकच प्रश्न असतो: "मोजलं काय?"

काकू म्हणाल्या, आज ऊन फार आहे, की हे विचारणार, "मोजलं काय?" भाजीवाली म्हणाली, मेथीची जुडी मोठी आहे, की पुन्हा तेच. डॉक्टर एकदा म्हणाले, तुमचं बीपी वाढलंय. काकांनी त्यांनाही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मोजलं, एकशे साठ." तेव्हा कुठे काका समाधानानं म्हणाले, "मंग ठीक हाये." काकू हे सगळ्यांना सांगतात आणि वर म्हणतात, "हा मानूस सरनावरई ईचारन, लाकडं मोजले काय म्हून."

गल्लीत क्लासची पोरं वेड्यावाकड्या गाड्या लावतात यावर काकांचा रोजचा तमाशा ठरलेला. पोरं त्यांना घाबरतात, क्लासचे सर त्यांना टाळतात, आणि त्यांच्या मुलानं पुण्यात चारचाकी घेतली तीही वडिलांना न विचारता, फोनवर फोटो पाठवून. त्या फोटोवर काका आठवडाभर धुसफुसत होते. गाडीत खोट काय ते मात्र त्यांना सांगता येईना, कारण मोजायला गाडीच समोर नव्हती.

आता माझं सांगते. माझे वडील पातूरला भाजीपाला पिकवतात. टोमॅटोचे कॅरेट मागे बांधून अकोल्याच्या बाजारात नेणारी त्यांची शंभर सीसीची गाडी होती. तिच्यावरच मी शिकले, वांग्याच्या वावरात, दोनदा वांग्यांत पडून. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी ती मला दिली. पण मोर्शीच्या रस्त्यावर संत्र्याचा ट्रक बाजूनं गेला की ती हातभर सरकायची. मार्चमध्ये माहुलीच्या अलीकडे तिनं धूर सोडला आणि कायमची बसली. मेकॅनिक म्हणाला, मॅडम, हिला आता आराम द्या. मला कोण आराम देणार होतं?

मग काळीपिवळी जीप सुरू झाली. नऊच्या जागी चौदा माणसं, त्यात कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या मांडीवर मी. रस्त्याचं काम कायमचं चालू. कॉलेजला पोचेपर्यंत साडीची आणि डोक्याची पार वाट लागलेली असायची. नव्या प्राचार्यांनी अंगठ्याचं यंत्र बसवलं होतं. तीन वेळा उशीर झाला की एक रजा गेली. एप्रिलमध्ये त्यांनी मला बोलावून सांगितलं, जूनपासून साडेसातला अंगठा पाहिजे, जमत नसेल तर इथेच खोली करून राहा. मला अमरावती सोडायची नव्हती. त्यामुळे जूनच्या आत मला गाडी हवी होती, आणि ती नीट हवी होती: तीनशे-चारशे सीसीची, सरळ पाठीनं बसून चालवायची, ट्रकच्या वाऱ्याला भीक न घालणारी. रोज शंभरावर किलोमीटर जायचं-यायचं.

ज्याला सांगितलं तो म्हणाला, स्कूटी घे. आईनं सांगितलं, मावशीनं सांगितलं, स्टाफरूममधल्या एकूण एक माणसानं सांगितलं. कारण कुणी बोलत नव्हतं, पण सगळे नजरेनं मला वरपासून खालपर्यंत मोजत होते. माझी उंची पाच फुटाला अर्धा इंच कमी आहे. शाळेत दहा वर्षं पहिल्या रांगेत उभी राहिले. लग्नाच्या बायोडाटात आईनं पाच-दोन लिहिलं होतं आणि त्यावरून एक स्थळ आमच्याच घरी बसून आमच्यावर चिडलं होतं. या विषयावर माझं डोकं लगेच फिरतं, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे.

चूक माझीच झाली. एका संध्याकाळी जिन्यात काका भेटले आणि मी सहज विचारलं, "काका, मोठी गाडी घ्याव म्हनते. कोनती बरी पडन?"

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मले ईचारून राहिली तू?"

"हो, तुमालेच."

त्यांनी खिशातली पट्टी बाहेर काढली. मग म्हणाले, "आधी मोजू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणातल्या त्या मेलेल्या गाडीवर बसवलं. "सरळ बस. क्लच दाब. ब्रेक दाब. हालू नोको." स्वतः फरशीवर बसून ते माझ्या चपलांखाली लोखंडाच्या पातळ पट्ट्या सरकवत होते, काढत होते, पुन्हा सरकवत होते. अर्धा तास हे चाललं. मला वाटलं गाडीचं सस्पेन्शन बघत असतील. काकू दारातून म्हणाल्या, "मेल्या गाडीची नाडी पाहून राहिले काय?" काकांनी आणखी एक पट्टी सरकवली.

पहिलं शोरूम अमरावतीतलंच. आत शिरताच एक मुलगा धावत आला आणि मला म्हणाला, "मॅडम, स्कूटी तिकडे." तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मी स्कूटी मागितली का?" तो गांगरला आणि आम्हाला मोठ्या गाड्यांकडे घेऊन गेला. "ही आपली मिडलवेट स्ट्रीट बाइक," तो म्हणाला, "सेगमेंटमधली बेस्ट."

"सेगमेंट म्हंजे?" काकांनी विचारलं. "संत्र्याची फाक हाये काय? अन् मिडलवेट म्हंजे मधल्या वजनाची ना? मंग वजन सांग. किलोत."

त्याला वजन माहीत नव्हतं. काकांनी पुढचा प्रश्न विचारला, गाडीत ते 'रायडिंग मोड' म्हणतात ते काय आहे. मुलगा खुलला. एक रोड, एक रेन, एक स्पोर्ट, असे तीन मोड असतात, तो म्हणाला.

"खड्डा मोड कुठी हाये?"

"तसा नसतो काका."

"मंग हे गाडी कोन्या देशासाठी बनवली?"

मी तोवर गाडीवर बसले होते. बसले म्हणजे चढले. हँडल छान हातात आलं, पाठ सरळ राहिली. पायांचं मात्र नीट नव्हतं: डाव्याचं टोक तेवढं टेकलं होतं आणि उजवा हवेत होता. मुलानं पायांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, "मॅडमची हा—"

"हा साइड स्टँड पाह्य!" काका इतक्या जोरात ओरडले की कॅशियरनं मान वर केली. "हे काडी लावली तुमी साइड स्टँड म्हून? अमरावतीच्या उन्हात डांबर पघळते. हे काडी त्याच्यात घुसन अन् गाडी जाईन आडवी. नापास! चाल वर्षा, उतर."

मी उतरले. खरं सांगते, तेव्हा मला बरंच वाटलं. इतकं निरखून पाहणारा माणूस माझ्या बाजूनं आहे, असं वाटलं.

दुसरी गाडी पाण्याच्या पेल्यानं गेली. तिसरीचा हॉर्न काकांनी स्वतः पाच मिनिटं वाजवला आणि विचारलं, याच्यानं म्हैस हालन काय? सेल्समन म्हणाला, सर, म्हशीवर आमचं टेस्टिंग झालेलं नाही. चौथीला मोबाईल चार्ज करायची सोय होती, ती तेवढ्यावरच नापास. "तू गाडी चालवनार हायेस का मोबाईल?" पाचवीचं दिव्याचं काचेचं टोपण त्यांना चोरट्या नजरेचं वाटलं. सहावीवर ते काहीच बोलेनात. चहूबाजूंनी फिरले, पट्टी लावून पाहिली, खाली वाकले, पुन्हा उठले. मला आशा वाटायला लागली. मग म्हणाले, "हिचा रंग मले पटत नाई."

"काका, दुसरा रंग आहे," मी म्हटलं.

"थोई पटत नाई."

मे महिना लागला होता. मी रोज काळीपिवळीत चेंगरत होते, परीक्षेच्या कामासाठीही उशिरा पोचत होते, आणि दोन रजा गेल्या होत्या. काकूंनी एका रविवारी सकाळी मला चहा देता देता सांगितलं, "मी असती तं गाडी घेऊन आतालोक जुनी केली असती." माझी मैत्रीण म्हणाली, तो म्हातारा तुला गाडी घेऊच देणार नाही बघ. मी तिच्यावर चिडले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

त्यात काकांनी अमरावतीत मॅनेजरांशी इतकी भांडणं केली की एका शोरूमच्या वॉचमननं आम्हाला दारातच अडवलं. साहेबांनी सांगितलंय, या काकांना आत सोडू नका. माझी मान लाजेनं खाली गेली. काका मात्र वॉचमनला म्हणाले, "तुयी ड्यूटी तू बराबर करून राहिला. तुया साहेबाले सांग, मानसं चांगले ठेवले, गाड्या बेकार ठेवल्या." आणि मला म्हणाले, "चाल, अकोल्याले जाऊ."

मग दर रविवारी अकोला. सकाळच्या बसनं जायचं, काकूंनी दिलेल्या भाकरी आणि ठेचा मूर्तिजापूरच्या आसपास खायचा, आणि भर दुपारी उतरायचं. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं खाल्लं नाही त्याला मी काय सांगणार. टेस्ट राइडची गाडी बाहेर उभी असायची, तिच्या सीटवर बसलं की माणूस आपोआप उभा राहायचा. अशा उन्हात काका पट्टी घेऊन गाडीच्या खाली वाकलेले आणि मी डोक्यावर ओढणी धरून उभी, असे तीन रविवार गेले. तिथेही चार गाड्या नापास झाल्या. एकीच्या नंबर प्लेटची पट्टी हलत होती. एकीची किल्ली हलकी होती. बाकी दोघींची कारणं मला आता आठवतही नाहीत, इतकी ती फालतू होती.

चौथ्या रविवारी मला ती गाडी भेटली.

राखाडी रंगाची, चारशे सीसीची, साधी. अंगावर झगमग नाही. इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीत, घरातल्या मोठ्या माणसानं हळू बोलावं तसा. शोरूमचा एक माणूस मागे बसवून मी तिला बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर घेऊन गेले. बाजूनं कांद्याचा ट्रक गेला आणि गाडी जागची हलली नाही. मी हेल्मेटच्या आत एकटीच हसले. परत आल्यावर थांबताना जरा झोकांडी गेली, मागच्या माणसानं पाय टेकवून सावरलं, पण ते काय, सवयीनं जमेल. काकांनी पेला ठेवला. पाणी हललंसुद्धा नाही. हॉर्न वाजवला, चांगला खणखणीत होता. साइड स्टँड जाड होता. जून सुरू व्हायला आठवडा राहिला होता.

काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "याचं नाव टाकीवर तिरपं लिहेल हाये. नापास."

माझा बांध फुटला. भरल्या शोरूममध्ये मी ओरडले, "नाव तिरपं आहे म्हणून? काका, तुमाले मले गाडी घेऊच द्याची नाई! दोन महिने झाले. माझ्या रजा चालल्या, माझी नोकरी चालली, आणि तुमी नाव मोजून राहिले? मी तुमाले एक गोष्ट विचारली, तुमी माझा उन्हाळा खाल्ला. नाई पाहिजे मले तुमचं मोजमाप!"

काकांचं तोंड एकदम उतरलं. आजवर त्यांच्यावर कुणी असं ओरडलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि ते उलट ओरडतील म्हणून मी तयार उभी होते. पण त्यांनी पेल्यातलं पाणी कुंडीत ओतलं, पेला पिशवीत टाकला आणि रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

तेव्हा वर्कशॉपचा इनचार्ज पुढे आला. रफिकभाई, पन्नाशीचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली. इतका वेळ तो काचेच्या पलीकडे उभा होता. "मॅडम," तो म्हणाला, "सरांवर नका चिडू. मी त्यांचा विद्यार्थी आहे. सर बुधवारी इथे येऊन गेले."

"बुधवारी? कुणासोबत?"

"एकटेच. दर बुधवारी येतात. आधी गाडी पाहून जातात, मग रविवारी तुम्हाला आणतात." त्यानं आवाज खाली आणला. "सीट किती खाली येते म्हणून विचारतात. मी म्हटलं, फोम कापून पंधरा एमएम. सर म्हणतात, एकेचाळीस पाहिजे. तुमच्या पायाचं माप आणलं आहे त्यांनी, जुन्या गाडीवर घेतलेलं. मी म्हटलं, सर, सव्वीस कमीच पडतात, मॅडमला तसं सांगून टाका ना. तर माझ्यावरच भडकले. अन् आमच्या सगळ्या पोरांना तंबी देऊन गेले, रविवारी ती आली की उंचीचा शब्द कोणी तोंडातून काढला तर शोरूम डोक्यावर घेईन. अमरावतीतही त्यांनी हेच केलं म्हणे. त्याच्यावरूनच तिथे भांडणं झाली."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अमरावतीचा मॅनेजर, वॉचमन, इथली पोरं, सगळे मला पाहून ओठ आवळून उभे होते. दोन महिने मी माझ्या अर्ध्या इंचासकट सगळीकडे मिरवले आणि एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढे हॉर्न, स्टँड आणि रंग नाचवून ते झाकलं. काका मला गाडी घेऊ देत नाहीत याचा राग परवडला होता. ही कीव मला सहन होईना. मी तशीच ऊन तुडवत टपरीवर गेले.

"काका, मी बुटकी हावो हे मले माहीत नाई असं वाटलं काय तुमाले? चौतीस वर्सं झाले मले माहीत हाये! तुमी कोन लपवनारे?"

टपरीवाल्यानं गाळणी हातात धरूनच आमच्याकडे पाहिलं. काका बाकावर सरकले, मला जागा केली. मी बसले नाही.

"तू सोडून देशीन असं वाटलं," ते म्हणाले.

"काहून सोडीन?"

"थे सोडून गेली होती." चहाचा कप त्यांनी न पिता खाली ठेवला. "आमच्या ट्रेडले पयली पोरगी आली होती. रत्नमाला. वर्गात बाकी सारे पोट्टे. लेथ मशीन तिच्या छातीले लागे, हात वरून पुरे नाई. तिनं मले ईचारलं, सर, कसं करू? मी म्हटलं, तुयाच्यानं नाई होत बाई, उंची पाह्य तुयी. सगळ्याइच्या समोर म्हटलं. पोट्टे हासले. मीबी हासलो." त्यांनी कप बाजूला सरकवला. "रविवारी घरी बसून मी इचार केला, याच्यात हाये काय? चार इंचाचा लाकडाचा पाट केला. दोन घंटे लागले. सोमवारी सायकलवर बांधून नेला. थे आली नाई. मंगळवारी तिचा बाप येऊन कागदं घेऊन गेला. शिवन क्लासले टाकली म्हने."

टपरीवाल्यानं गाळणी खाली ठेवली.

"थो पाट अजून त्या लेथखाली हाये," काका म्हणाले. "पोट्टे त्याच्यावर डबे ठेवतेत."

माझा राग गेला नव्हता. उलट त्या हसणाऱ्या पोरांवरचा, त्या बापावरचा आणि समोर बसलेल्या या माणसावरचा राग त्यात मिसळला. शाळेतल्या पहिल्या रांगेतून मी रत्नमालेला चांगली ओळखत होते. म्हणून मी स्पष्टच म्हटलं, "काका, तुमी तेव्हा चुकले."

"हो."

"अन् आतावरी चुकून राहिले. तिले नाई जमत म्हून सांगितलं, अन् मले काहीच सांगितलं नाई. दोन्हीत आमाले कोनी काय करायचं ते सांगितलंच नाई."

काकांनी खाली पाहिलं. "चुकलो," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हा शब्द काकूंनीही त्यांच्या तोंडून ऐकला नसेल. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला ते पाहवेना, पण माफ केलं असंही मला म्हणायचं नव्हतं.

"उठा," मी म्हटलं.

आम्ही परत आत गेलो. पोरं बाजूला झाली. मी त्या राखाडी गाडीवर चढले, हँडल धरलं आणि म्हटलं, "आता सांगा. सगळ्याइच्या समोर सांगा."

काकांनी रफिककडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "तुया पाय पुरत नाई, वर्षा."

"किती नाई पुरत?"

"सीट कापूनबी सव्वीस एमएम."

"मंग मी काय करू?"

ते गाडीच्या डाव्या बाजूला आले आणि उकिडवे बसले. माझी डावी चप्पल हातानं धरून त्यांनी फरशीवर ठेवली आणि खांदा लावून गाडीला किंचित आपल्याकडे झुकू दिलं. "सीटवर जराशी इकडं सरक. अजून. गाडी झुकली तं झुकू दे, मी हावो. आता डावा टेकव, पुरा टेकव."

टाच जमिनीला लागली. पूर्ण लागली. पावणेदोनशे किलोची गाडी माझ्या एका पायावर निवांत उभी राहिली आणि मला तिचं वजन जाणवलंही नाही.

"आता उजवा ब्रेकवर ठेव. थांबताना हरघडी असंच. आधी डाव्या अंगानं सरकाचं, मंग टेकवाचं." ते अजून खालीच बसले होते. "उजव्याले जमिनीवर कामच काय हाये?"

कुणी हसलं नाही. मी रफिकभाईंना म्हटलं, हीच, आजच. काका गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले, अर्ध्यात थांबले आणि माझ्या चपलेकडे पाहत म्हणाले, "एवढंच होतं. एवढंच सांगाचं होतं तिले."